निवड समितीपासून पाळणाघरापर्यंत: संशोधन संस्थेत स्त्री-पुरुष समानता आणायची तर नेमकं काय करायचं

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना झेब्राफिशच्या टाक्यांसाठी थोडी जास्त जागा हवी होती. ती मिळेना. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी जागा आहे, असं त्या सांगत होत्या, पण कुणाला ते पटत नव्हतं. शेवटी त्यांनी टेप घेतली आणि प्रयोगशाळा मोजून काढल्या. त्यांचं म्हणणं खरं निघालं. मग त्या इतर प्राध्यापिकांशी बोलल्या. १९९४ साली तिथल्या विज्ञान विभागांत कायमपदावर १९४ पुरुष होते आणि १५ स्त्रिया. पगार, जागा, अनुदान, समित्यांवरच्या नेमणुका असं सगळं तपासलं गेलं आणि १९९९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तरुण प्राध्यापिकांना आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत नव्हतं. त्या ज्येष्ठ होत गेल्या तशा हळूहळू बाजूला पडत गेल्या, आणि प्रत्येकीला वाटत राहिलं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय.

म्हणून हा लेख टेपपासूनच सुरू करते. संस्थेचे प्रमुख, विभागप्रमुख, लॅब चालवणारे आणि निवड समितीवर बसणारे यांच्यासाठी तो लिहिला आहे. चांगल्या मनाची माणसं मी अनेक समित्यांवर पाहिली. त्यांच्या चांगुलपणाने निकाल बदलले नाहीत, कामाची पद्धत बदलल्यावर बदलले.

आधी आकडे काढा

जगभरातल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे, असं युनेस्कोची आकडेवारी सांगते. पण हा आकडा तुमच्या विभागाच्या उपयोगाचा नाही. तुम्हाला तुमचाच तक्ता हवा.

गेल्या पाच वर्षांतली प्रत्येक भरती घ्या आणि टप्प्याटप्प्याने स्त्री-पुरुष मोजा: अर्ज किती आले, छाननीतून किती पुढे गेले, मुलाखतीला किती जणांना बोलावलं, कुणाला पद देऊ केलं, कुणी स्वीकारलं आणि तीन वर्षांनंतर कोण टिकलं. पाच वर्षं अशासाठी की लहान विभागात एका वर्षात दोनच जागा निघतात आणि दोन जागांवरून काहीच कळत नाही. दुसरा तक्ता आत असलेल्यांचा. त्यात पगार, रुजू होताना मिळालेलं अनुदान, प्रयोगशाळेचं क्षेत्रफळ, पीएचडीचे विद्यार्थी, आठवड्याचे तास, समित्या आणि शेवटच्या बढतीला किती वर्षं झाली हे सगळं येऊ द्या.

तक्ता वाचायचा तो गळती शोधण्यासाठी. समजा १०० अर्जांत ४० स्त्रियांचे आहेत, पण मुलाखतीला बोलावलेल्या १० जणांत एकच स्त्री आहे. म्हणजे गडबड छाननीत आहे. अर्जच १०० पैकी १२ असतील तर जाहिरात कुठे पोहोचते आणि ती कशी वाचली जाते, हे बघायला हवं. आणि निवड बरोबरीने होऊनही तीन वर्षांत स्त्रियाच सोडून जात असतील, तर भरतीचे नियम कितीही बदलले तरी उपयोग नाही. दुखणं आत आहे.

एक काळजी घ्या. एखाद्या रकान्यात एक-दोनच व्यक्ती असतील तर तो आकडा सगळ्यांसमोर मांडू नका, माणूस लगेच ओळखू येतो.

निवड: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

२०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्यांच्या प्रतीवर नाव जॉन होतं, निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. बाकी शब्दन्‌शब्द सारखा. जॉन जास्त सक्षम ठरला आणि त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला. जेनिफरला २६,५०८. आणि असे गुण देण्यात प्राध्यापिकाही प्राध्यापकांच्या मागे नव्हत्या. त्यामुळे ‘समितीवर एक बाई घेतली की झालं’ हा समज आधी सोडून द्या. ती असायलाच हवी, पण तिच्या असण्याने कागदावरचा पूर्वग्रह आपोआप जात नाही.

त्याआधी १९९७ मध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टिन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुण तपासले होते. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनपदासाठी, ११४ अर्ज होते, त्यांत ५२ स्त्रियांचे. पदं मिळाली २०, त्यांतली ४ स्त्रियांना. पुरुषाइतकेच गुण पडायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. हे गुणांचे कागद मिळवण्यासाठीही त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

यातून प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी पुढीलप्रमाणे.

निकष आणि त्यांचे गुण जाहिरातीआधी ठरवा आणि लिहून ठेवा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. अर्ज उघडल्यावर निकष ठरवले की ते आवडत्या उमेदवाराच्या मापाने शिवले जातात. त्याच्याकडे अनुभव जास्त असेल तर अनुभव महत्त्वाचा, पदव्या जास्त असतील तर पदव्या. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते थांबवायला कागद लागतो. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला आणि त्या हटून बसल्यावर एक वर्ष पारखून बघण्याच्या बोलीवर घेतलं. ती अट सोबतच्या मुलांना नव्हती. आज इतकं उघड कुणी बोलत नाही, पण ‘तिने अजून स्वतःला सिद्ध करायला हवं’ हे वाक्य समितीत ऐकू येतं, आणि ते कुणाबद्दल येतं हे लक्ष देऊन ऐका.

‘आवश्यक’ पात्रतेची यादी छोटी ठेवा. खरोखर ज्यांच्यावाचून अडेल अशा चार-पाचच गोष्टी आवश्यक असतात, बाकीच्या ‘असल्यास उत्तम’. जाहिरातीत पगाराची श्रेणी, रजेचे नियम आणि संशोधनातल्या खंडाकडे कसं पाहिलं जाईल हे स्पष्ट लिहा.

जमेल तिथे नावं झाका. हबल अवकाश दुर्बीण वापरायला वेळ मिळावा म्हणून येणारे प्रस्ताव २०१८ पासून नाव झाकून तपासले जाऊ लागले. तोवर दर वर्षी पुरुषांच्या प्रस्तावांना थोडं जास्त यश मिळत असे. नावं झाकलेल्या पहिल्या फेरीत स्त्रियांच्या यशाचं प्रमाण किंचित पुढे गेलं. त्याहून मोठा बदल असा की, समितीतली चर्चा ‘हा कोण आहे’ वरून ‘हा काय म्हणतोय’ वर आली. प्राध्यापकपदाच्या निवडीत संपूर्ण सीव्ही झाकणं शक्य नसतं. पण संशोधनाचा आराखडा आधी नावाशिवाय वाचून गुण द्यायचे आणि सीव्ही नंतर उघडायचा, एवढं कुठेही करता येतं.

मुलाखतीच्या यादीत एकच स्त्री ठेवू नका. एकटी असली की ती ‘महिला उमेदवार’ होते, दोघी-तिघी असल्या की त्या उमेदवार होतात. चांगल्या अर्जांतून दुसरी मिळतच नसेल तर मुदत आठवडाभर वाढवा आणि स्वतः फोन करून लोकांना अर्ज करायला सांगा.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येकाने आपापले गुण चर्चेआधी लिहून द्यायचे. एका निवडीच्या वेळी मी हे करून घेतलं नव्हतं, ते अजून मनात सलतं. मुलाखत छान झाली होती. उमेदवार दाराबाहेर गेली आणि ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘हुशार आहे, पण मूल लहान आहे ना तिचं?’ तिच्या अर्जात मुलाचा उल्लेखही नव्हता, कुणीतरी बाहेरून ऐकलं होतं. त्यावर कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण पुढचे गुण लिहिताना सगळ्यांचे पेन थोडे थांबले. मीही गप्प बसले. तेव्हापासून मी अध्यक्षांना सुरुवातीलाच एक वाक्य मोठ्याने वाचायला सांगते: लग्न, मुलं, घर, जोडीदाराची नोकरी यांवर इथे चर्चा होणार नाही, आणि झाली तर ती इतिवृत्तात नोंदली जाईल. नोंद होणार म्हटलं की माणूस बोलण्याआधी विचार करतो.

शेवटी नकाराचं कारण प्रत्येक उमेदवारापुढे, ठरलेल्या निकषांच्या शब्दांत, एका ओळीत लिहा. ‘विभागात रुळेल असं वाटलं नाही’ हे कारण नव्हे.

शिफारसपत्रं

२००३ साली फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी वैद्यकीय प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं अभ्यासली. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने छोटी होती, त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त होती, आणि पुरुषांच्या पत्रांत ‘संशोधन’ ठळक होतं तर स्त्रियांच्या पत्रांत ‘शिकवणं’. पत्र लिहून झालं की त्यातलं नाव बदलून मोठ्याने वाचा. ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सगळ्यांना मदत करणारी’ हे शब्द एखाद्या मुलासाठी तुम्ही लिहिले असते का? नसते, तर तिने कोणता प्रश्न सोडवला, कोणती पद्धत बसवली, कोणता निकाल मिळवला ते लिहा.

शोधनिबंधावर नाव कुणाचं

जोसेलिन बेल यांनी १९६७ साली विद्यार्थी असताना पल्सारचा, म्हणजे ठरावीक लयीत संकेत देणाऱ्या ताऱ्याचा, संकेत पहिल्यांदा टिपला. १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं. ही जुनी गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या संशोधन गटांच्या अभ्यासात असं दिसलं की, गटात काम करूनही शोधनिबंधावर नाव लागण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत सुमारे १३ टक्क्यांनी कमी होती, आणि पेटंटवर तर सुमारे ५८ टक्क्यांनी.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायचा. प्रकल्प सुरू होतानाच एका पानावर लिहून ठेवा की कोण काय करणार, पहिला लेखक कोण, नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा संपर्क लेखक कोण आणि काम बदललं तर क्रम कसा बदलेल. दर तीन महिन्यांनी लॅबच्या बैठकीत ते पान उघडा. योगदान नोंदवण्यासाठी क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी अनेक नियतकालिकं वापरतात. कल्पना, पद्धत, आकडेमोड, लेखन, देखरेख अशा त्या भूमिका आहेत. मसुदा तयार झाल्यावर ती भरण्यापेक्षा सुरुवातीलाच भरायला घ्या. हस्तलिखित पाठवायच्या आदल्या दिवशी नावांचा क्रम ठरला, तर जो जास्त जोराने बोलतो त्याचं नाव वर जातं.

कुणाच्याच सीव्हीत न दिसणारं काम

परिषदेच्या स्वागताची तयारी, बैठकीचं इतिवृत्त, रडत आलेल्या विद्यार्थ्याशी बोलणं, नवीन मुलांची बसण्याची सोय, तक्रार निवारण समिती. ही कामं कुणीतरी करायलाच हवीत. पण २०१७ मध्ये लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं की, बढतीत न धरलं जाणारं काम मिश्र गटात स्त्रिया जास्त वेळा अंगावर घेतात, त्यांनाच ते जास्त वेळा सांगितलं जातं आणि सांगितल्यावर त्या जास्त वेळा हो म्हणतात. गटात सगळ्या स्त्रिया किंवा सगळे पुरुष असले तर हा फरक राहत नाही. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही. ‘ती करेलच’ असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं.

त्यामुळे ‘कोण करेल?’ असं बैठकीत विचारूच नका. या प्रश्नानंतर जी शांतता पसरते ती कोण मोडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी कामांची यादी करा, प्रत्येकापुढे लागणारे तास लिहा आणि आडनावाच्या क्रमाने पाळी लावा. ज्यांच्याकडे तास जास्त जातील त्यांचं शिकवणं कमी करा. समितीवर एक स्त्री हवीच असा नियम असेल आणि विभागात तिघीच असतील, तर त्या तिघी वर्षभर बैठकाच करत राहतात. अशा वेळी दुसऱ्या विभागातून किंवा बाहेरून सदस्य घ्या.

मूल झाल्यावर

अमेरिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. पहिल्या मुलानंतर चार ते सात वर्षांत ४३ टक्के आयांनी त्या क्षेत्रातली पूर्णवेळ नोकरी सोडलेली होती. वडिलांमध्ये हा आकडा २३ टक्के होता. तेवीस टक्के हाही लहान आकडा नाही, आणि म्हणूनच हा फक्त बायकांचा प्रश्न म्हणून बघू नका.

रजा देणं ही अर्धी गोष्ट. रजेवर असताना प्रयोग कोण चालू ठेवणार, हे ठरलेलं नसेल तर सहा महिन्यांनी परत आलेल्या बाईला मेलेल्या पेशी, संपलेलं अनुदान आणि दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेलेले विद्यार्थी मिळतात. रजेच्या काळासाठी एक तंत्रज्ञ किंवा प्रकल्प सहायक संस्थेच्या खर्चाने द्या. आल्यावर पहिलं सत्र शिकवण्यातून मोकळं ठेवा. वयाची अट काढून पीएचडीनंतरची वर्षं मोजा आणि खंड त्यातून वजा करा. युरोपियन रिसर्च काउन्सिलच्या अनुदानासाठी पात्रतेच्या वर्षांत आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची मुदतवाढ मिळते, असा स्पष्ट आकडा तुमच्याही नियमात असू द्या. ‘सहानुभूतीने विचार केला जाईल’ या शब्दांवर कुणी आयुष्याचं नियोजन करू शकत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. मूल झाल्यावर कायमपदासाठी स्वतःला सिद्ध करण्याची मुदत आई-वडील दोघांनाही सरसकट वाढवून द्यायची, ही पद्धत वरवर न्याय्य वाटते. पण अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्र विभागांत तिचा परिणाम उलटा झाल्याचं २०१८ मधल्या अभ्यासाने दाखवलं. पुरुषांना कायमपद मिळण्याचं प्रमाण वाढलं, स्त्रियांचं घटलं. वाढीव वर्षात पुरुषांचे शोधनिबंध वाढले, स्त्रियांचं ते वर्ष बाळंतपणात आणि बाळात गेलं. वडिलांना रजा मिळायलाच हवी, आणि ती त्यांनी मुलासाठी घ्यायला हवी. मुदतवाढ मात्र कुणी खरोखर किती काळजीचं काम केलं याच्याशी जोडा.

बैठका आणि सेमिनार पाळणाघर बंद व्हायच्या आत संपतील अशा वेळी ठेवा. यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही, पुढच्याच आठवड्यापासून करता येतं.

छळ आणि मार्गदर्शकाची सत्ता

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा २०१८ चा अहवाल सांगतो की, कुठे छळ जास्त होईल हे ओळखायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे संस्थेतलं वातावरण: तक्रार केली तर काही होणार नाही किंवा आपलंच नुकसान होईल, असं लोकांना वाटतं का. क्षेत्रकार्याला जाणाऱ्या ६६६ संशोधकांच्या २०१४ मधल्या पाहणीत ६४ टक्के जणांनी छळ सोसल्याचं सांगितलं होतं. सर्वाधिक झळ विद्यार्थी आणि नवख्यांना बसली होती.

समिती नेमली, फलक लावला, एवढ्याने भागत नाही. पीएचडी करणाऱ्या मुलीचा डेटा, शिष्यवृत्ती, शिफारसपत्र आणि पदवी एकाच माणसाच्या सहीवर अवलंबून असते. तक्रार करायची म्हणजे चार वर्षांचं काम पणाला लावायचं. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दुसरा सहमार्गदर्शक द्या, जो त्याच गटातला नसेल. मार्गदर्शक बदलायचा झाला तर डेटा आणि शिष्यवृत्ती विद्यार्थ्याबरोबर जाईल, हे नियमात लिहा. क्षेत्रकार्याला निघण्याआधी राहण्याची सोय, खोल्यांची वाटणी, रात्रीचा प्रवास आणि तिथे नसलेल्या संपर्क व्यक्तीचा फोन नंबर कागदावर असला पाहिजे. तक्रारीचा निर्णय किती दिवसांत लागेल तेही आधीच जाहीर करा.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन १९६० च्या दशकात पॅलोमार वेधशाळेत गेल्या तेव्हा तिथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. त्यांनी कागदाचा स्कर्ट कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. तुमच्या इमारतीत रात्री उशिरा काम करणाऱ्या मुलीला किती मजले उतरावं लागतं, लहान मापाचे हातमोजे आणि लॅबकोट कपाटात आहेत का, पार्किंगपर्यंतचा दिवा लागतो का, हे एकदा स्वतः चालून बघा.

सेमिनारमध्ये पहिला प्रश्न शक्य तर विद्यार्थिनीला विचारू द्या. दहा देशांतल्या सुमारे अडीचशे सेमिनारांचं निरीक्षण करणाऱ्या अभ्यासात दिसलं की, पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी येतात, आणि जास्त प्रश्न घेतले तर वाढतात.

बढतीसाठी अर्जाची वाट पाहू नका

२०१८ साली डोना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या सहयोगी प्राध्यापक होत्या. पूर्ण प्राध्यापक का नाही, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आपण अर्जच केला नव्हता. ज्याला आपण पात्र आहोत असं वाटतं तोच अर्ज करणार, अशी पद्धत असली की कुणाला कधी तसं वाटतं यावर सगळं अवलंबून राहतं. ते उलटं करा. दर वर्षी विभागातल्या प्रत्येकाचा सीव्ही समितीसमोर यावा आणि समितीने प्रत्येकाला लेखी कळवावं: या वर्षी अर्ज करा, किंवा अजून अमुक हवं.

संशोधनाचा विषयही तपासा

झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा स्त्रियांसाठीचा डोस अमेरिकेत २०१३ साली निम्म्यावर आणला गेला, कारण त्यांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना धोका होतो. औषध बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. नमुन्यात नर-मादी किती, स्त्री-पुरुष किती, निकाल वेगवेगळे काढले का, हे प्रश्न प्रस्तावाच्या छापील नमुन्यातच घाला.

हे टिकवायचं कसं

युरोपियन संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात २०२२ पासून सार्वजनिक संस्थांना निधी हवा असेल तर समानतेचा आराखडा असणं बंधनकारक आहे. त्याच्या चार अटी मला पटतात: आराखडा प्रसिद्ध केलेला हवा, त्यासाठी पैसे आणि माणसं हवीत, आकडेवारी दर वर्षी हवी आणि प्रशिक्षण हवं. यातली दुसरी अट बहुतेक ठिकाणी गळते आणि आराखडा लिहिण्याचं काम पुन्हा एखाद्या तरुण प्राध्यापिकेच्या गळ्यात पडतं. ते तिला देऊ नका. जबाबदारी संचालकांच्या किंवा विभागप्रमुखांच्या नावावर हवी, आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात तिचे गुण हवेत.

‘मग गुणवत्तेचं काय?’ हा प्रश्न येईल, आणि मनापासून विचारणारेही असतील. त्यांना तुमच्या विभागाचा पाच वर्षांचा तक्ता दाखवा आणि कोणत्या टप्प्यावर कोण गळालं हे त्यांनाच वाचू द्या. नंतर निवडीच्या पुढच्या समितीवर त्यांनाच घ्या, लिखित निकषांसह.

तक्ता दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच रकान्यांनी भरा. पद सोडताना तो पुढच्या विभागप्रमुखांच्या हातात द्या, त्यासोबत झालेल्या निवडींची गुणपत्रकं आणि न सुटलेल्या प्रश्नांची यादीही द्या.